गळती शोधण्याची मजुरी कोण देणार?

संघटनेच्या कामानिमित्त आम्हाला वर्षातून दोन-तीनदा बंगळूरला जावे लागते. मिरज, बेळगाव, खानापूर या पट्ट्यातले आपले कितीतरी साथी रेल्वे आणि टपाल खात्याच्या नोकरीत तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. मुले तिथे नोकरीला, नातवंडे कानडी-इंग्रजी शाळेत. गावाकडचे घर फक्त यात्रेपुरते उघडायचे. अशाच एका साथीच्या घरी गेल्या खेपेस आमचा मुक्काम होता. नाव देत नाही, त्यांना ते नको आहे. नोकरीची पस्तीस वर्षे त्यांनी मालगाडी ओढली. आता पदाचे नाव लोको पायलट झाले आहे, पण ते स्वतःला अजून ड्रायव्हरच म्हणवतात.

तीन वर्षांपूर्वी त्यांचा डावा गुडघा बदलला. शहरातल्या गर्दीत दर दहा पावलांवर क्लच दाबणे जमेना, म्हणून मुलाने एक वापरलेली ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. हा काही श्रीमंतीचा शौक नव्हे. बंगळूरच्या शहर बससेवेत 2006 च्या सुमारास स्वीडिश बनावटीच्या वातानुकूलित बसगाड्या आल्या, त्यांनाही ऑटोमॅटिक गिअर होता. दिवसभरात शेकडो वेळा क्लच मारणाऱ्या बसचालकाच्या गुडघ्याला आणि कंबरेला त्याचे महत्त्व विचारा. तेव्हा ऑटोमॅटिक गाडी ही साहेबाची गाडी, हा आपला जुना समज आता टाकून द्यायला हवा.

दीड वर्षाने त्यांच्या पार्किंगच्या फरशीवर तांबडे थेंब दिसू लागले. मुलाने गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेली. संध्याकाळी अंदाजपत्रक हातात पडले. ते आम्ही स्वतः पाहिले. गिअरबॉक्सला गळती आहे, सील सुटे मिळत नाही, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, एक नग. मजुरी वेगळी, तेल वेगळे, कर वेगळा. बेरीज गाडीच्या खरेदी किमतीच्या निम्म्याहून जास्त. चार पानांच्या त्या कागदावर सगळे होते. गळती नेमकी कोठून होते आहे, एवढे एकच त्यावर कुठे लिहिलेले नव्हते.

"आपण इंजिनाचा चार्ज घेताना आधी खाली वाकून बघायचो," साथी म्हणाले. "कुठून गळतंय ते बुकात लिहायचो. 'तेल गळते' एवढंच लिहून इंजिन शेडला पाठवलं असतं, तर फोरमनने मला उभं केलं असतं."

त्यांनी अंदाजपत्रकावर सही केली नाही. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गाडी विल्सन गार्डन भागातल्या एका लहान गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक निपाणीकडचा, चाळिशीचा, सीमाभागातली मराठी बोलणारा. त्याने गाडीखाली बॅटरी मारली आणि म्हणाला, "काका, आधी धुवून बघूया की. ह्या चिखलाखाली काय दिसतंय?"

त्याने गिअरबॉक्सचा खालचा भाग धुवून, पुसून, वाऱ्याने कोरडा केला. गाडी घरी पाठवली. "दोन दिवस फिरवा, मग आणा," म्हणाला. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा गिअरबॉक्सचा तळ पुन्हा ओला होताच; पण आता ओल कुठून सुरू होते ते दिसत होते. गिअरबॉक्समधून पुढच्या रेडिएटरकडे तेल थंड व्हायला जाते, त्या नळीच्या रबराला जिथे लोखंडी टोक दाबून बसवलेले असते, तिथून तेल पाझरत होते. गाडी पळताना समोरचा वारा तेच तेल मागे ढकलून पूर्ण तळाला फासत होता. नळी बदलली, तेलाची पातळी बरोबर केली, गळती थांबली.

बिल झाले एका नळीचे, थोड्या तेलाचे आणि तासाभराच्या मजुरीचे. तीन दिवस गाडीवर नजर ठेवून दोष शोधल्याचे त्याने काहीच लावले नव्हते. साथींनी वर काही पैसे दिले, तेही "चहापाण्याला" म्हणून. सर्वांत मोलाचे काम चहापाण्याच्या खात्यात गेले, हीच गोष्ट आम्हाला तेव्हापासून टोचते आहे आणि या लेखाचे कारणही तेच आहे.

पण आधी ते तेल काय करते ते पाहू. साध्या गाडीच्या गिअरबॉक्समधले तेल फक्त दात्यांना वंगण देते. थोडे कमी झाले तरी गाडी बिचारी ओढत राहते. ऑटोमॅटिकचे तसे नाही. इंजिनाची ताकद चाकाकडे जाते ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे तेलातूनच. एका पंख्याने तेल फेकायचे आणि त्या झोताने समोरचा पंखा फिरवायचा. गिअर बदलतात तेही तेलाच्या दाबाने. आतल्या क्लच प्लेटा दाबून धरते ते तेल, त्यांची उष्णता घेऊन जाते ते तेल, वंगणही तेच. म्हणून ते कमी झाले की गाडी आधी रुसते. डी मध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग झटका बसतो. इंजिन गुरगुरते पण वेग वाढत नाही. चढावर घरघर येते. तेलाला करपल्याचा वास येतो. तरीही चालवत राहिले तर प्लेटा जळतात आणि मग ते असेंब्लीचे अंदाजपत्रक खरे होऊन बसते. थोडक्यात, नळीच्या दुरुस्तीत आणि पूर्ण गिअरबॉक्समध्ये जे अंतर आहे, ते वेळेत शोधण्याचे अंतर आहे.

आपल्या रेल्वेच्या जुन्या मंडळींना हे यंत्र अपरिचित नसावे. 1968 पासून चित्तरंजनच्या कारखान्यात डिझेल-हायड्रॉलिक शंटिंग इंजिने बनू लागली, त्यांत हीच विद्या होती. रेल्वेतलेच अभियंता एम. एम. सुरी यांच्या नावाने ओळखली जाणारी सुरी ट्रान्समिशन त्या इंजिनांना बसली आणि ती पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये तयार होत असे. सुरुवातीची ओढ तेलातून आणि वेग आल्यावर थेट यांत्रिक जोड, ही तिच्यातली कल्पना. आजच्या मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरमध्येही ठरावीक वेगानंतर कन्व्हर्टर आतून कुलूपबंद होतो, तो याच विचाराने. ज्या फिटरांनी यार्डातली ती इंजिने सांभाळली, त्यांना हे तेल, त्याची पातळी आणि त्याची गळती यांचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मोटारीच्या जगात हे ज्ञान परदेशातून आल्यासारखे मिरवले जाते, म्हणून ही आठवण.

आता गळती ओळखायची कशी? आपल्यापैकी अनेकांकडे किंवा मुलांकडे आज अशा गाड्या आहेत, तेव्हा थोडे सविस्तरच लिहितो.

पहिला प्रश्न, थेंब कसला आहे? हे तेल बहुधा तांबडे असते. इंजिनाच्या तेलापासून ते वेगळे ओळखू यावे यासाठी मुद्दामच त्यात रंग घालण्याची पद्धत पडली. जुने झाले की ते विटकरी, मग तपकिरी होते. पण सगळ्याच गाड्यांत ते तांबडे नसते. हिरवट, निळसर किंवा फिकट पिवळी तेलेही आहेत. उलट तांबडे दिसले म्हणजे ते गिअरचेच, असेही नाही. अनेक जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हेच तेल असते. रेडिएटरचे कूलंटही काही गाड्यांत तांबडे किंवा गुलाबी असते. ते बोटांत चोळल्यावर तेलासारखे राहत नाही, पाण्यात विरघळते, आणि त्याला गोडसर वास येतो. एसीचे पाणी तर साधे पाणीच. त्याला घाबरून गॅरेज गाठणारे आम्ही पाहिले आहेत.

दुसरा प्रश्न, थेंब पडतो कुठे? रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरावे आणि पुढची-मागची चाके कुठे येतात त्याच्या खुणा कराव्यात. सकाळी डाग पाहिला की गळतीचा प्रदेश तरी कळतो. हा खर्च शून्य रुपयांचा आहे. डागाचा फोटो काढून तारीख लिहून ठेवली तर पुढे वाद झाला तेव्हा तोच पुरावा होतो. टपालातल्या साथींना नोंदीचे मोल आम्ही काय सांगावे?

तिसरी आणि खरी पायरी म्हणजे धुणे. तेल खाली ओघळते आणि वारा ते मागे नेतो. म्हणून जिथे सर्वांत जास्त ओल दिसते तिथे दोष असेलच असे नाही. ओल जिथे सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे, तिथे शोधायचे. हे धुतल्याशिवाय कळत नाही. धुतल्यावर, सुकवल्यावर गाडी थोडी चालवायची आणि पुन्हा पाहायचे; गळती बारीक असेल तर दोन-तीन दिवसांनी पाहायचे. काही जण कोरड्या भागावर टाल्कम पावडर मारतात. तेल आले की पांढऱ्यावर रेघ उमटते. मोठ्या गॅरेजात तेलात एक रंगद्रव्य मिसळून जांभळ्या दिव्याखाली पाहतात. साधन कोणतेही असो, मागे विचार एकच आहे: आधी स्वच्छ करा, मग धीर धरा.

गळण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. तळाच्या तेलपात्राचे पॅकिंग, त्याच्या निचऱ्याच्या बोल्टचे वायसर, चाकांकडे जाणारे दांडे जिथून बाहेर पडतात ती सिले, गिअरच्या दांडीचे छोटे सील, तेल भरण्याच्या नळीची ओ-रिंग, थंड करणाऱ्या नळ्या. काही गाड्यांत विजेच्या जोडणीचे एक प्लास्टिकचे नळकांडे गिअरबॉक्समधून बाहेर येते. त्याची रबरी कडी कडक झाली की तिथून तेल झिरपते आणि बघणाऱ्याला वाटते तळाचे पॅकिंग गेले. ही जवळपास सगळी कामे गिअरबॉक्स गाडीत ठेवूनच होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल आले तर मात्र कन्व्हर्टरच्या मागचे पुढचे सील गेले असण्याचा संभव असतो आणि तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तिथेही आधी एक गोष्ट पाहायची असते. इंजिनाच्या मागच्या सीलचे तेल त्याच सांध्यातून खाली येते. रंग, वास आणि कोणत्या तेलाची पातळी उतरली आहे, हे न पाहता गिअरबॉक्स उतरवणारे महाभाग काही कमी नाहीत.

आणखी एक दोष तर दुरुस्तीतूनच जन्मतो. तेल वाजवीपेक्षा जास्त भरले की ते घुसळून फेसाळते आणि वरच्या श्वासनळीतून बाहेर पडते. गळती म्हणून गाडी येते, तेव्हा सील बदलायचे नसते, जास्तीचे तेल काढायचे असते. तेलपात्राचे बोल्ट जोर लावून आवळणे हाही असाच प्रकार. पत्र्याचे पात्र वाकते, पॅकिंग दबून फाटते आणि जिथे गळत नव्हते तिथे गळू लागते. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापानेच आवळायचे, मापाच्या पान्याने. "आवळ अजून" हा हुकूम कारखान्यात जेवढे नुकसान करतो तेवढेच इथेही.

पातळी तपासण्यातही प्रत्येक गाडीची रीत निराळी. काहींत इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना पट्टीवर पाहतात. काहींत इंजिन बंद करून. आणि आजच्या बऱ्याच गाड्यांत पट्टीच नसते. बाजूचा बोल्ट ठरावीक तापमानाला उघडून तेल काठाशी येते का ते पाहायचे आणि तापमान संगणकावर वाचायचे. म्हणजे साधे तेल मोजायलाही कंपनीचे यंत्र किंवा त्याच्या बरोबरीचे दुसरे यंत्र हवे. आपल्या गाडीची रीत कोणती ते मालकाच्या पुस्तिकेत पाहावे. तेलाची जातही तिथेच पाहावी. एका जातीच्या गिअरचे तेल दुसऱ्यात चालत नाही; पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीत साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर गळतीपेक्षा मोठी आपत्ती ओढवेल.

इथे एक खुलासा. आपल्याकडे 2014 साली मारुतीची सेलेरिओ एएमटी आली, तेव्हापासून स्वस्तातल्या बऱ्याच गाड्या "ऑटोमॅटिक" म्हणून विकल्या जातात. त्यांत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. साधाच गिअरबॉक्स, साधाच क्लच. फक्त तो दाबण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. त्यांच्या गळतीचा विचार वेगळा, तेल वेगळे. आपल्या गाडीत नेमके काय आहे हे ठाऊक नसलेले मालक भरपूर आहेत आणि त्याचा फायदा घेणारेही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सर्व्हिस सेंटरच्या त्या पोऱ्याला, ज्याने अंदाजपत्रकाआधी गाडी पाहिली, गळती शोधता येत नव्हती असे आम्ही मानत नाही. कदाचित त्याला चांगली शोधता आली असती. पण त्याला तीन दिवस दिले कोणी? तिथे दिवसाला किती गाड्या बाहेर पडल्या हे मोजतात, कितीचे सुटे भाग खपले हे मोजतात. गाडी धुवून, घरी पाठवून, परत बोलावून पाहणे हे त्यांच्या कोष्टकात बसतच नाही. आपल्या वर्कशॉपातल्या इन्सेन्टिव्ह योजनेत प्रत्येक जॉबला तास ठरलेले असतात, तेव्हा हा तिढा आपल्याला चांगला परिचित आहे. बदलण्याचे तास ठरवता येतात, शोधण्याचे कसे ठरवणार? एखादा दोष दहा मिनिटांत हाती लागतो, एखादा आठ दिवस छळतो. मोजता येत नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरायची, हा सोपा मार्ग व्यवस्थापनाने काढला. चाकावर हातोडी मारून आवाज ऐकणाऱ्या गाडी तपासनिसाने दिवसभरात काय "उत्पादन" केले, असे विचारणारे साहेब आपण भोगले आहेत. त्याने काही बदलले नाही, काही बनवले नाही. त्याने फक्त ऐकले.

आणि ज्याला शोधायचे आहे, त्याच्या हातातली साधने काढून घेतलेली असतात. हा आमचा नुसता आरोप नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय? अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, दोष शोधण्याची यंत्रे आणि दुरुस्तीची पुस्तके बाहेरच्या गॅरेजांना न देणे. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाच्या आकड्यावर लढाया झाल्या, त्या इतिहासात आम्ही जात नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचे एक पोर्टलही सुरू केले. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. चांगले झाले. पण पोर्टलवर पुस्तिका चढवली म्हणून सील सुटे मिळेलच असे नाही. आमच्या साथीला "सील सुटे मिळत नाही" असे सांगितले ते पोर्टल सुरू झाल्यानंतर.

कंपन्यांचा आणखी एक आवडता शब्द आहे: "आयुष्यभराचे तेल". बदलावे लागत नाही, पाहावेही लागत नाही. आयुष्य कोणाचे, असा प्रश्न मात्र कोणी विचारायचा नाही. पहिल्या मालकाच्या हप्त्यांचे, की वॉरंटीचे? बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात तासभर अडकलेल्या गाडीचे तेल किती तापते, याचा हिशेब त्या शब्दात नाही. तापलेल्या तेलाने रबर कडक होते आणि कडक रबरातून गळती होते. जुनी गाडी घेणारा, म्हणजे बहुधा आपल्यासारखा पगारदार, ते "आयुष्य" संपता संपता गाडी घेतो.

याचा अर्थ लहान गॅरेजातले सगळेच संत आहेत असा कोणी काढू नये. जे.सी. रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात आणि शिवाजीनगरच्या गुजरीत आम्ही पुरेसे फिरलो आहोत. कोणत्याही गाडीत एकच स्वस्त तांबडे तेल ओतणारे तिथे आहेत, आणि गळती बंद करण्याचे औषध म्हणून बाटली ओतून गिऱ्हाईक वाटेला लावणारेही आहेत. ते औषध रबर फुगवते. चार महिने बरे वाटते, मग फुगलेले रबर मऊ पडते. काढलेले तेल सरळ गटारात सोडले जाते, तेही आम्ही डोळ्यांनी पाहिले. वापरलेले तेल हा 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. आणि सर्वांत अंगावर काटा आणणारी गोष्ट म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरे. घोडी लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये, तापलेल्या तेलाचा बोल्ट उघडू नये, हे शेडमधल्या खलाशालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. या पोरांना कोण शिकवणार? दहापेक्षा कमी माणसांच्या गॅरेजाला राज्य विमा लागू नाही. हात भाजला, बोट गेले तर मालकाची मर्जी.

2022 च्या सप्टेंबरात बंगळूरच्या आउटर रिंग रोड, बेळ्ळंदूर, यमलूर भागांत पाणी शिरले तेव्हा तळघरांत उभ्या गाड्या बुडाल्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची श्वासनळी पाण्याखाली गेली की पाणी आत जाते आणि तेल दुधाळ होते. रेडिएटरमधला तेलाचा कप्पा आतून फुटला तरी असेच गुलाबी दूध दिसते. अशा गाडीत नुसते तेल बदलून भागत नाही, आतल्या प्लेटांच्या अस्तराला पाणी लागलेले असते. त्या गाड्या उपसून काढणारे, उघडणारे, वाळवणारे हात याच लहान गॅरेजांतलेही होते. जुनी गाडी घेताना तिचा विम्याचा इतिहास मागा आणि तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. करपलेला वास, दुधाळ रंग किंवा चमचमणारा लोखंडी कीस दिसला तर व्यवहार तिथेच सोडा, मग विकणारा कितीही जवळचा असो.

आमची सूचना साधी आहे. दोष शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी, आधी सांगावी, बिलात वेगळी ओळ म्हणून लिहावी आणि गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता द्यावी, दुरुस्ती दुसरीकडे केली तरीही. त्या मजुरीच्या बदल्यात गळतीची जागा, तिचा फोटो आणि तिथे पोहोचण्याची रीत लेखी मिळावी. असेंब्ली बदला म्हणणाऱ्याने सुटा भाग का चालणार नाही हे त्याच कागदावर लिहावे. आपल्या पतपेढ्या वाहन कर्जे देतात; जुन्या गाडीचे कर्ज मंजूर करताना अशा तपासणीचा कागद मागायला काय हरकत आहे? तपासणीची फी कर्जात धरता येईल. त्यातून आपल्या सभासदाचे पैसे वाचतील आणि गॅरेजातल्या कारागिराला शोधण्याचे पैसे मिळू लागतील. डाक खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधल्या मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन साथींनी यात पुढाकार घ्यावा असे आम्हाला वाटते. तपासणीचा कागद कसा असावा हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगू शकेल?

दुसरी बाजू संघटनेची. गॅरेज कामगार आपले सभासद नाहीत, म्हणून त्यांचा प्रश्न आपला नाही, असे आमच्या एका सहकाऱ्याचे मत पडले. आम्हाला ते पटत नाही. देखभालीची कामे बाहेर देण्याचा सपाटा आपल्या खात्यांतही चालू आहे, आणि बाहेर म्हणजे अखेर कोणाकडे? अशाच दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांकडे. ती माणसे विम्याशिवाय, बोनसशिवाय काम करतात, म्हणूनच तो दर स्वस्त दिसतो आणि आपल्या शेडचा दर महाग ठरतो.

निपाणीच्या त्या मेकॅनिकला आम्ही निघण्याआधी भेटलो. शोधण्याचे पैसे का लावत नाही, असे विचारले. तो हसला. "लावले तर पुढच्या वेळी कोण येईल? लोक म्हणतात, नुसतं बघितलंस की," तो म्हणाला. त्याच्याकडे दोन पोरे शिकायला आहेत. त्यांना काय देतो, हे विचारल्यावर मात्र तो गप्प झाला आणि पाना शोधू लागला. तोही मालकच आहे, लहान असला तरी.

साथींनी आता दर शनिवारी रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचा नेम केला आहे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. कागदावर डाग होता. बोट लावून पाहिले, वास घेतला, पाण्यात टाकून पाहिला. एसीचे पाणी निघाले.